वडापावातलं पाणी : साताऱ्यातल्या गाडीच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळी सरली, गटातल्या सगळ्या मोकळ्या झाल्या, आजपासून कामाला लागलो. नव्या वर्षात बसस्थानकाच्या परिसरात बचत गटाची वडापावची गाडी लावायची आहे. तोवर चाचण्या काकूंच्या घरी. तळण काकूंकडे, भाजी वहिनींकडे. खरेदी, वजनं आणि ही वही माझ्याकडे.

पहिल्याच बैठकीत एक अट ठरली. आमचं निम्मं गिऱ्हाईक पुडी बांधून घेणार, एसटीत चढणार आणि ती पुडी मेढ्याच्या नाहीतर कोरेगावच्या वाटेवर उघडणार. तेव्हा कढईतून निघाल्यावर पंधरा मिनिटांनीही वडा खाण्याजोगा हवा. गरम वडा सगळ्यांचाच चांगला लागतो. आमची परीक्षा त्यापुढच्या पंधरा मिनिटांत आहे.

आज नेहमीच्या घरगुती पद्धतीने एक घाणा काढला आणि वेळ लावून बसलो. पाच मिनिटांनी कवच नरम, दहा मिनिटांनी पावाचा तळ ओला, पंधराव्या मिनिटाला पाव बोटाला चिकटायला लागला. चव कुठेच बिघडली नव्हती. बिघाड सगळा पाण्याचा होता. बटाट्यातलं पाणी वाफ होऊन कवचात शिरतं, कवचातून पावात जातं, वरून चटणीचं पाणी येतं. म्हणून ठरवलं की चाचण्या मसाल्यापासून सुरू करायच्या नाहीत, पाण्यापासून करायच्या.

१४ नोव्हेंबर

बटाटा. सध्या बाजारात आहे तो जवळपास सगळा शीतगृहातला, उत्तरेकडून आलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, मग तो माल थंडीत ठेवतात आणि दिवाळीपर्यंत पुरवतात. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. आजची भाजी वहिनींनी मीठ-मिरची नेहमीच्या मापाने घालूनही गोडसर लागली. त्यावर लिंबू वाढवलं तर भाजी सैल होते, मिरची वाढवली तर गोडी झाकत नाही, नुसतं तिखट वर येतं.

अडत्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, हा माल आठ-पंधरा दिवस पोत्यातून काढून हवेशीर पसरून ठेवा, गोडी उतरते." कारणही बरोबर आहे: नेहमीच्या तापमानाला बटाटा श्वसन करतो, त्यात साखर खर्च होते आणि काही साखरेचं परत पीठ होतं. माळ्यावर गोणपाट अंथरून एक पोतं पसरलं. वर काळं कापड टाकलं आहे, उजेड लागला तर बटाटा हिरवा पडतो आणि तो तर वापरायचाच नसतो.

२२ नोव्हेंबर

उकडण्याच्या पद्धती. हा भाग वरकरणी किरकोळ, पण वडा इथेच निम्मा ठरतो.

सोलून, फोडी करून उकडलेला बटाटा कापलेल्या बाजूंनी पाणी पितो. सालासकट अख्खा उकडला की पाणी कमी शिरतं. कुकरमध्ये पाण्यात बुडवण्याऐवजी जाळीवर ठेवून वाफवला तर आणखी कोरडा राहतो. शिट्ट्या मात्र मोजून: जास्त झाल्या की साल फुटते आणि सगळी मेहनत जाते.

उकडल्यावर काय करायचं, यावर काकू आणि वहिनींचं एकमत नव्हतं. काकू थंड करून कुस्करायच्या, वहिनी गरम असतानाच. दोन्ही करून पाहिलं. गरम सोलून परातीत मोडला की वाफ भसाभसा निघून जाते. तीच वाफ बटाटा अख्खा राहिला तर आत अडकते आणि थंड होताना पाणी होते. म्हणून गरमच सोलायचा, पण बारीक करायचा नाही. हाताने मोडायचा, काही खडे राहू द्यायचे. किसणीवर किंवा मिक्सरमध्ये घातला की पेशी फुटतात, आतलं पीठ बाहेर येतं आणि गोळा डिंकासारखा चिकट होतो. मुंबईच्या चांगल्या वड्यात बटाट्याचा तुकडा दाताखाली येतो, त्याचं कारण आळस नव्हे, जाण आहे.

फोडणीतलंही पाणी बघायचं. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा तेलात पाणी आटेपर्यंत परतायचा, मगच हळद. कोथिंबीर धुऊन आदल्या रात्री कापडावर पसरायची. मीठ आणि लिंबू गोळे वळायच्या जरा आधी, कारण मीठ घालून तासभर ठेवलेल्या भाजीला पाणी सुटतं. कांदा घालायचा नाही, यावर तिघींचं एकमत.

२९ नोव्हेंबर

माळ्यावरचा बटाटा आज उकडला. गोडी बरीच उतरली आहे, पुरती नाही. वहिनींनी नुसता मीठ लावून खाऊन पाहिला आणि "चालेल" म्हणाल्या. वहिनींचं चालेल म्हणजे चांगलं. यापुढे शीतगृहाचा माल असेल तोवर एक पोतं वापरात, एक पसरलेलं.

५ डिसेंबर

बेसनाचं पीठ. बाजारच्या बारीक बेसनापेक्षा गिरणीवर दळून आणलेलं, किंचित रवाळ बेसन आवरणाला चांगलं. त्यात थोडं तांदळाचं पीठ, मीठ, हळद, हिंग, हातावर चोळलेला ओवा. पाणी एकदम ओतायचं नाही. पीठ गुठळ्या मोडून भिजवून वीस मिनिटं ठेवलं की ते पाणी पितं आणि घट्ट होतं. त्यानंतरच शेवटचं सैलपण ठरवायचं. काकूंची खूण अशी: बोट बुडवून बाहेर काढलं की नख दिसू नये आणि थेंब तुटून पडावा.

पातळ पिठाचं आवरण पापडासारखं लागतं, पण त्यातून बटाट्याची वाफ सरळ पावात जाते. जाड पिठाचं आवरण आतून कच्चं आणि पिठूळ. आम्हाला मधलं हवं, आणि ते मधलं रोज थोडं बदलतं, कारण बेसन रोज सारखं पाणी पीत नाही.

सोड्यावर बराच वेळ गेला. चिमूटभर सोड्याने आवरण फुलतं आणि हलकं होतं. जास्त झाला की जाळी पडते आणि त्या जाळीत तेल भरतं. नीट मिसळला नाही तर वड्यावर लाल ठिपके येतात, कारण सोडा लागला की हळद तांबडी होते. काकू सोडा अजिबात नको म्हणतात, त्याऐवजी कडकडीत तेलाचं मोहन. पंधरा मिनिटांच्या परीक्षेत मोहनाचा वडा पुढे गेला. सोडा बंद.

गोळ्यांबद्दल एक: फ्रिजमधून काढलेल्या गार गोळ्यावर दव धरतं, त्यावर पीठ टिकत नाही, तळताना कवच सुटं होऊन आत पोकळी राहते. कोमट-गरम गोळा तळला तर आतली वाफ जोर करते आणि वडा फुटतो. गोळा खोलीच्या तापमानाचा, वरून कोरडा हवा. साठ ग्रॅमचा ठरवला.

१२ डिसेंबर

तेल. सप्टेंबरात केंद्र सरकारने खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलाचा प्रभावी दर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेला. दुकानात त्याचा फटका दिसतोच आहे. त्यामुळे वडा तेल किती पितो, हा आता चवीइतकाच हिशोबाचाही प्रश्न आहे.

तापमापक आणला. १७० ते १८० अंश सेल्सिअसला वडा सोडला की चहूबाजूंनी बुडबुडे धावतात. ते बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. तेल खरं शिरतं ते वडा बाहेर काढल्यावर: कवच गार होऊ लागतं, आत ओढ तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. म्हणून झाऱ्यावर वडा धरून तेल निथळू देणं आणि नंतर जाळीवर ठेवणं महत्त्वाचं. ताटात कागदावर ठेवलेल्या वड्याचा तळ स्वतःच्याच वाफेत भिजतो. यापुढे ताट नाही, जाळी.

कढईत एका वेळी जास्त वडे सोडले की तापमान धाडकन खाली येतं, बुडबुडे मंदावतात, वडा तेलकट होतो. घाणा लहान ठेवायचा. गर्दीच्या वेळी हे पाळणं अवघड जाईल, म्हणून गाडीवर दुसरा बर्नर हवाच. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर दोन्ही चालतील.

जुन्या तेलाचाही नियम आजच लिहून ठेवते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल बिघडताना त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा नियम केला आहे; १ जुलै २०१८ पासून तो लागू आहे. ही संयुगं वाढण्याची कारणं तीन: उष्णता, हवा आणि पुन्हा पाणीच. बटाटा-पिठातून येणारं पाणी तेल फोडतं. गाडीवर आम्ही बघायच्या खुणा: तेल काळवंडणं, घट्ट होणं, वडा काढल्यावरही फेस न बसणं, नेहमीपेक्षा लवकर धूर येणं. चुरा दर घाण्याला काढायचा, तळाशी राहिला की जळून तेल लवकर खराब करतो. ताजा, सोनेरी चुरा वेगळ्या डब्यात. पोरं तो चटणीबरोबर पावात मागतात आणि तो खरंच सुंदर लागतो.

२१ डिसेंबर

मुंबईला दोन दिवस जाऊन आले. दादर स्थानकाबाहेर उभी राहून नुसतं पाहिलं. अशोक वैद्य यांनी १९६६ साली इथेच बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानतात; त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनीही दादरमध्ये वडापाव सुरू केल्याचं सांगितलं जातं. दोघांनी जे केलं ते साधं दिसतं, पण गिरणगावातल्या आणि लोकलच्या माणसाला ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको, असं खाणं त्यातून मिळालं. १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारांच्या कितीतरी घरांनी अशाच गाड्यांवर संसार सावरला. आमच्यासारख्या गटाला हा वारसा आहे याचा मला अभिमान वाटतो.

दादरच्या गाडीवर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हातांच्या क्रमाने. पाव चिरला, आत कोरडी चटणी पसरली, वडा ठेवला, दाबला, दिला. ओली चटणी सांगेल त्यालाच, तीही वड्यावर, पावावर नाही. कोरडी लसणाची चटणी पावाच्या आणि वड्याच्या मध्ये बसून पहिली वाफ शोषते. हे मी इतकी वर्षं खाऊनही कधी असं पाहिलं नव्हतं.

परतताना कोयना एक्सप्रेस. घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यासाठी गाडी कर्जतला थांबते, आणि त्या थांब्यावरच कर्जतचा वडा मोठा झाला. दोन घेतले: एक फलाटावरच खाल्ला, दुसरा बोगद्यांतून जात लोणावळ्याला उघडला. दुसरा मऊ झाला होता, पण पाव कोरडा आणि चटणी जागेवर. आमची पंधरा मिनिटं अशक्य नाहीत.

३ जानेवारी २०२५

लसूण. किरकोळ बाजारात भाव चारशेच्या आसपास गेले ते अजून खाली यायला तयार नाहीत. काही गाड्यांवर चटणीत लसूण कमी आणि तिखट-मीठ जास्त झालंय, ते जिभेला लगेच कळतं. आम्ही लसणाचं माप कमी करायचं नाही असं ठरवलं. चटणी थोडी कमी घालू, पण ती लसणाचीच असेल.

पद्धत: सुकं खोबरं किसून मंद आचेवर तांबूस भाजायचं. लसूण थोड्या तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत, म्हणजे पाणी उडेपर्यंत. शेंगदाणे थोडे, फक्त अंग यावं इतके. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. सगळं पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात. मिक्सरमध्ये खोबऱ्याला तेल सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. मोठ्या मापाला मिक्सर लागेलच, तेव्हा थांबत थांबत, थोडी थोडी फिरवायची. शेवटी तळणाचा ताजा चुरा मूठभर. या चुऱ्याने चटणी आणखी कोरडी राहते आणि पावाला धरून बसते.

१० जानेवारी

पाव. बेकरीवाल्या चाचांकडे पहाटे गेले. थंडीत पीठ फुगायला वेळ लागतो, म्हणून ते रात्री लवकर मळतात. लादीत गोळे एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे वरून-खालून पापुद्रा आणि बाजूला नुसता मऊ गाभा. पाव फाडला की हा उघडा गाभा सगळ्यात आधी ओल पितो. चाचांना मी विचारलं, पाव दोन-तीन मिनिटं जास्त भाजता येईल का. ते म्हणाले, "बेटा, रंग थोडा जास्त येईल, बाकी गिऱ्हाईकं गोरा पाव मागतात. तुझी लादी वेगळी काढतो." वेगळी लादी मिळाली, हे आजचं सगळ्यात मोठं काम.

कालच मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं, ती बातमी चाचांकडे सगळे वाचत होते. त्यांची भट्टीही लाकडाची. मुंबईच्या धुराचा प्रश्न खरा आहे, हवा सगळ्यांची आहे. पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीला एकट्याने झेपणार नाही, आणि पाव महागला की त्याची झळ सगळ्यात आधी वडापाववर पोट भरणाऱ्याला बसेल. भट्टी बदलायला मदत मिळायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

पाव फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. थंडीत तो लवकर शिळा होतो, कारण गाभ्यातलं पीठ पुन्हा कडक होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा लादी आणायची.

१८ जानेवारी

नवा बटाटा आला. साल बोटाने निघते, दिसायला देखणा, चवीला गोड नाही. पण ओला. उकडल्यावर मोडत नाही, दबतो. याची भाजी कितीही वाफ काढली तरी चिकट. वहिनींनी उकडून मोडलेला बटाटा कोरड्या कढईत दोन मिनिटं परतून घेतला आणि प्रश्न बराचसा सुटला. भाजीत पोहे किंवा ब्रेडचा चुरा घालून पाणी बांधता येतं, काही जण तसं करतात; चव बदलते, म्हणून आम्ही करणार नाही. सध्या जुना-नवा अर्धा-अर्धा.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून वेगळं काहीतरी. कराचीचा बन कबाब घरी करून पाहिला. हरभऱ्याची डाळ आणि बटाट्याची चपटी टिक्की, फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर तळायची, बनही त्याच तव्यावर तुपा-तेलात शेकायचा, वरून चिंचेची आणि हिरवी चटणी, कांदा. माझ्यासाठी यातली गंमत अशी की तिथे ओल्या चटण्या चालतात आणि तरी बन विरघळत नाही. डाळीमुळे टिक्कीत पाणी कमी, अंड्याचं आवरण पातळ आणि लवचिक, आणि तव्यावर शेकलेल्या बनच्या आतल्या बाजूला चरबीचा थर बसतो. पाण्याला अडवायची त्यांची जागा वेगळी आहे, इतकंच.

नाशिकचा उलटा वडापाव तिसरी वाट दाखवतो: भाजी पावात भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळायचा. पाव आतच, कवच बाहेर. पण तो जड होतो आणि तेल जास्त मागतो. काकूंना फार आवडला. आमच्या गाडीवर नको.

बन कबाबावरून एक गोष्ट घेतली. पुडी बांधून नेणाऱ्यासाठी पाव फाडून आतल्या बाजूने तव्यावर कोरडाच शेकायचा.

३ फेब्रुवारी

पुडी. वर्तमानपत्रात बांधायचं नाही; शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात आणि पॅकेजिंगच्या नियमांनुसार ते बंदच आहे. प्लास्टिकची पिशवी तर आमची शत्रूच: गाठ मारली की आत वाफेचे थेंब धरतात. पातळ बटर पेपर, वरून कागदी पिशवी, तोंड उघडं. मिरची वेगळ्या कागदात. ती तळताना चीर द्यायचीच, नाहीतर आतल्या वाफेने फुटून तेल उडतं.

अन्न परवान्याची मूलभूत नोंदणी झाली. आमच्याएवढ्या लहान उलाढालीला हीच पुरते.

१० फेब्रुवारी

गाडी लागली. सकाळी साडेसातपासून.

पहिल्या दोन तासांत लक्षात आलं ते असं: गर्दी दिसली की हात आपोआप वडे आधीच पावात भरून रचायला लागतात. तसा रचलेला वडापाव पंधरा मिनिटांची परीक्षा गाडीवरच हरतो. वहिनींनी नियम केला: पैसे घेतल्यावरच पाव फाडायचा. रांग थोडी लांबते. एक कंडक्टर मामा रागावले, त्यांची गाडी सुटत होती. त्यांना पुढच्या फेरीला आधी देऊ असं सांगितलं आणि दिलंही.

संध्याकाळी मेढ्याच्या गाडीने जाणाऱ्या एका बाईंना मुद्दाम विचारून ठेवलं होतं, उघडल्यावर कसा होता ते उद्या सांगा.

१७ फेब्रुवारी

त्या बाई येऊन गेल्या. पाव कोरडा होता, वडा मऊ पण वेगळा उभा होता, चटणी थोडी कमी पडली. चटणीचं माप पुडीसाठी अर्ध्या चमच्याने वाढवलं.

भाव १५ रुपये ठेवला आहे. लसूण उतरला की हिशोब बसेल. नवा लसूण यायला लागलाय, पण तो ओला आहे, तेलात दुप्पट वेळ परतावा लागतो.

पुढची कामं: अडत्यांना मार्चचा माल सांगणे, शीतगृहात जायच्या आधीचा पक्क्या सालीचा बटाटा मिळाला तर दोन पोती जास्त. उन्हाळ्यात गोळे लवकर आंबतील, म्हणून भाजी दिवसातून दोनदा करायची की गोळे बर्फाच्या पेटीत ठेवून दव पुसायचं, याची चाचणी. दुसऱ्या बर्नरची नळी बदलणे. चाचांना रविवारी दोन लाद्या कमी सांगणे.